ऑपरेशनची वेळ कुणाच्या घड्याळाने?

रायगडातल्या दिघीच्या धक्क्यावर बरोबर बारा वाजता उभं राहून वर बघा. सूर्य मध्यावर आलेला नसतो. त्याला सरासरी आणखी ३८ मिनिटं लागतात. फेब्रुवारीत तर पाऊण वाजून जातो. कुणाचं घड्याळ बिघडलेलं नाही. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली आहे आणि दिघी आहे ७३ अंशांच्या आसपास. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. साडेनऊ अंशांची झाली ३८. १९०६ मध्ये ही प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबई शहराने ती स्वीकारायला चक्क नकार दिला होता. तिथली जुनी ‘मुंबई वेळ’ ३९ मिनिटं मागे होती आणि ती थेट १९५५ पर्यंत तग धरून राहिली.

मुंबईकरांचा हट्टीपणा म्हणून आपण हसतो. पण २००७ मध्ये जर्मनीतून एक निष्कर्ष आला आणि हसू जरा आवरावं लागलं. टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो जर्मनांच्या झोपेच्या वेळा गोळा केल्या. सगळा देश एकाच घड्याळावर चालणारा, तीच शाळेची वेळ, त्याच बातम्या. तरी पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना माणसांची झोप दर अंशाला चार मिनिटं उशिरा सरकत होती! म्हणजे सूर्य जितका उशीर करतो, बरोबर तितकीच. मोठ्या शहरांत हा फरक पुसट होता, लहान गावांत ठळक. भिंतीवर काहीही टांगा, शरीर उन्हाकडे बघतं.

आता समजा, दिघीतल्या कुणा काकांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय. फेरीबोटीने राजपुरीची खाडी ओलांडायची, आगरदांडा, मुरूड, अलिबाग, नाहीतर तिथून पुढे मुंबई. सकाळी आठची पहिली केस. भिंतीवर आठ, काकांच्या शरीरात अजून साडेसातही नाहीत. सर्जनबाईंच्या शरीरात किती वाजलेत? त्या रात्री दोन वाजता एका फुटलेल्या अपेंडिक्ससाठी उठल्या असतील तर? आणि ज्या कातडीवर चीर पडणार, तिलाही स्वतःची वेळ कळते असं कुणी सांगितलं तर?

कळते. तिकडेच जायचंय, पण आधी हे घड्याळ आहे कुठे ते बघू.

पहिला धागा एका रोपट्याने दिला. १७२९ मध्ये फ्रान्समधल्या दे मेरां या खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूसारखं दिवसा पानं उघडणारं झाड अंधाऱ्या जागेत ठेवलं. ऊन नाही, तरी पानं ठरल्या वेळी उघडत-मिटत राहिली. रायगडात कुठल्याही पायवाटेच्या कडेला सापडणारं झाड, आणि त्याच्यात घड्याळ! माणसाची पाळी यायला बराच वेळ गेला. १९६२ मध्ये मिशेल सिफ्र हा तरुण फ्रेंच भूशास्त्रज्ञ घड्याळ न घेता आल्प्समधल्या एका गुहेत उतरला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट होता. मनाचा हिशेब जवळजवळ महिन्याने चुकला होता. झोपण्या-उठण्याचं चक्र मात्र त्या काळोखातही २४ तासांहून जरासंच मोठं राहिलं. म्हणजे दिवस मोजणारा ‘मी’ वेगळा आणि दिवस पाळणारं शरीर वेगळं.

पाळतं कोण? दोन डोळ्यांमागून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या अगदी वर पेशींचे दोन इवलेसे पुंजके आहेत. दोन्ही मिळून साधारण २० हजार पेशी. मेंदूतल्या अब्जावधी पेशींपुढे ही संख्या म्हणजे काहीच नाही. १९७२ मध्ये अमेरिकेत दोन गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, उंदरांमधला हा भाग नष्ट करून पाहिला. दिवस-रात्रीचं सगळं वेळापत्रक कोसळलं.

आणि मग तो प्रयोग, जो वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. प्रयोगशाळेत मागवलेल्या हॅमस्टरांमध्ये एक नर निघाला, ज्याचा दिवस २४ तासांचा नव्हताच. सुमारे २२ तासांचा होता. त्याच्या वंशात पुढे २० तासांचा दिवस जगणारी पिल्लं झाली. मार्टिन राल्फ आणि मायकल मेनेकर यांच्या गटाने काय करावं? साध्या हॅमस्टरच्या मेंदूतला तो पुंजका काढला. त्याचा ताल गेला. तो केव्हाही झोपू लागला, केव्हाही चाकावर पळू लागला. मग २० तासवाल्या वंशाच्या भ्रूणातल्या त्याच पेशी त्याच्या मेंदूत बसवल्या. काही दिवसांनी ताल परत आला, पण कुणाचा? देणाऱ्याचा! २४ तासांचा प्राणी २० तासांचा दिवस जगू लागला. उलट अदलाबदल केली तरी तेच. १९९० साली ‘वेळ’ या गोष्टीचं प्रत्यारोपण झालं होतं. शस्त्रक्रियेच्या इतिहासात याहून विलक्षण अवयवबदल मला तरी माहीत नाही.

पेशीच्या आत ही टिकटिक कशी होते, हे फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांनी शिकवलं. एक जनुक प्रथिन बनवायला सांगतं. प्रथिन साठत जातं, आणि पुरेसं साठलं की उलटून त्याच जनुकाचं तोंड बंद करतं. मग साठा हळूहळू विरतो, जनुक पुन्हा बोलू लागतं. या फेऱ्याला लागतो सुमारे एक दिवस. हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना याबद्दल २०१७ चं नोबेल मिळालं.

खरा धक्का यापुढे आहे. हे चक्र फक्त त्या २० हजार पेशींत नसतं. यकृतात आहे, हृदयात आहे, कातडीत आहे. १९९८ मध्ये जिनिव्हात तर काचेच्या बशीत वाढवलेल्या, शरीराशी काहीही संबंध न उरलेल्या उंदराच्या पेशींत ते चालू असलेलं दिसलं. भजनाला बसलेल्या प्रत्येकाच्या हातात टाळ असतोच. पखवाज फक्त सगळ्यांना एका लयीत ठेवतो. मेंदूतला पुंजका हा पखवाजवाला. डोळ्यांवाटे उजेड बघून तो लय धरतो.

दिघीत बसून एक शंका यायलाच हवी. इथला कोळी सूर्याकडे कमी आणि पाण्याकडे जास्त बघतो. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, उधाण-भांग चंद्राच्या हिशेबाने येतात, आणि होडी त्याप्रमाणे मध्यरात्रीही निघते. मग माणसात भरतीचं घड्याळ का नाही? खाजणातल्या चिखलात एक नांगी भलीमोठी असलेले छोटे खेकडे असतात ना, त्यांच्यात ते आहे. त्या जातीचे खेकडे समुद्रापासून दूर प्रयोगशाळेत ठेवले तरी काही दिवस भरती-ओहोटीच्या वेळा पाळत राहतात. माणूस पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठी राहिला तरी त्याची लय उन्हाचीच.

आता ऑपरेशन थिएटरमध्ये शिरू.

विजेचे दिवे येण्याआधी ‘सर्जनला कोणती वेळ आवडते’ या प्रश्नाला एकच उत्तर होतं: उजेड असेल ती. लंडनमध्ये १८२२ चं एक जुनं थिएटर अजून बघायला मिळतं. ते चर्चच्या माळ्यावर आहे, छपरातल्या झरोक्याखाली. आपल्या सुश्रुतसंहितेत रुग्णाला पूर्वेकडे तोंड करून बसवावं आणि वैद्याने त्याच्यासमोर पश्चिमेकडे तोंड करावं असं सांगितलंय. धार्मिक कारण असेलही. पण सकाळच्या वेळी रुग्णाच्या तोंडावर थेट ऊन पडतं आणि वैद्याच्या डोळ्यांत जात नाही, हे विसरून कसं चालेल? त्याच ग्रंथात शुभ तिथी-मुहूर्त बघायलाही सांगितलंय. ती सवय आजही गेलेली नाही. सिझरची वेळ पंचांगातून येते, अमावस्या टाळली जाते. अमावस्येला राजपुरीच्या खाडीला उधाण येतं हे खरं. जखमेला येत नाही.

आता थिएटरच्या दिव्याखाली कुठलीही वेळ दुपारच्या उन्हाइतकी लख्ख करता येते. मग रात्रीचे तीन आणि सकाळचे दहा सारखेच झाले? सर्जनच्या हाताला विचारा. आपल्या शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली जातं आणि संध्याकाळी सगळ्यात वर. चपळाई, लक्ष, हाताचा वेग यांचा चढउतार साधारण त्याच्यासोबत चालतो. या हिशेबाने सर्जनचा हात संध्याकाळी पाचला सर्वोत्तम असायला हवा! पण जागं राहण्याचाही एक कर वाढत असतो. उठल्यापासून तासागणिक झोपेचा दाब साचत जातो. घड्याळ वर ओढतं, दाब खाली ओढतो. प्रत्यक्ष हात या रस्सीखेचीत कुठेतरी मध्ये असतो.

हा दाब किती मोठा? १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड यांनी स्वयंसेवकांना एकदा जागं ठेवलं आणि एकदा दारू पाजली, आणि दोन्ही वेळा हात-डोळ्यांचा मेळ मोजला. सलग १७ तास जागा राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका घसरला होता. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे ०.०३ टक्के. सकाळी सहाला उठलेला डॉक्टर रात्री अकरा वाजता, एक थेंब न पिता, ती ओलांडून बसलेला असतो. १९९२ च्या केंद्रीय नियमांत निवासी डॉक्टरांना साधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांहून जास्त काम नसावं असं लिहिलंय. सरकारी रुग्णालयातल्या कुठल्याही रेसिडेंटला हा नियम वाचून दाखवा, तो हसेल. हसायची ताकद उरली असेल तर.

डेन्मार्कमध्ये २००१ साली १४ शिकाऊ सर्जनांना रात्रपाळीनंतर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या आभासी यंत्रावर बसवलं. चुका वाढल्या, वेळ वाढला, हात नको तिथे फिरू लागले. अगदी अपेक्षित. आणि मग कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातून २०१५ मध्ये आलेला अभ्यास बघा. मध्यरात्रीनंतर काम करून दुसऱ्या दिवशी ठरलेली ऑपरेशनं करणारे सर्जन, आणि तेच सर्जन रात्री झोप मिळाल्यावर. जवळजवळ ३९ हजार रुग्ण. मृत्यू, गुंतागुंत, पुन्हा दाखल होणं, हे सगळं मिळून एकीकडे २२.२ टक्के, दुसरीकडे २२.४. फरकच नाही!

हे कसं? यंत्रापुढे शिकाऊ माणूस एकटा होता. खऱ्या टेबलाभोवती भूलतज्ज्ञ असतो, सिस्टर असते, सहायक असतो, आणि हजार वेळा तीच गाठ मारलेले हात असतात. फारच दमलेला सर्जन अवघड केस पुढेही ढकलतो. मला विचाराल तर या आकड्यांवरून ‘झोप नसली तरी चालतं’ असं मुळीच निघत नाही. थकवा एकाच्या अंगात असतो आणि तो झेलते सगळी टीम, एवढं निघतं. आणि टीमलाही दुपार असते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने ९० हजारांहून अधिक ऑपरेशनांच्या नोंदी तपासल्या. भुलेशी संबंधित त्रासांची शक्यता सकाळी नऊला सुरू होणाऱ्या केसमध्ये सुमारे १ टक्का, दुपारी चारला ४ टक्क्यांच्या वर. बहुतेक त्रास मळमळ, न आवरणाऱ्या वेदना अशा स्वरूपाचे. पण चार वाजता काय असतं? पाळी बदलते. जाणारा घाईत, येणाऱ्याला केस नवी.

सर्जन सगळे सारखेही नसतात. काही जन्मजात पहाटेचे, काही रात्रीचे. यात वयाचा मोठा हात आहे. रोनेबर्गच्याच आकड्यांनुसार माणूस विशीच्या आसपास सर्वांत उशिरा झोपणारा असतो, आणि मग वर्षागणिक लवकर उठणारा होत जातो. आता कुठल्याही मोठ्या रुग्णालयातला विभाग डोळ्यांसमोर आणा. आठची लिस्ट ठरवणारे सर साठीकडे झुकलेले, पाचलाच टक्क जागे. राउंडसाठी त्यांच्याही आधी वॉर्डात हजर असायचं ते पंचविशीतल्या पोरांनी, ज्यांच्या शरीरात अजून मध्यरात्र रेंगाळतेय. ‘आमच्या वेळी आम्हीपण करत होतो’ हे सरांचं वाक्य खरंच असतं. तेव्हा त्यांचेही डोळे असेच तारवटलेले असणार.

बरं, वेळ निवडण्याची चैन ठरवलेल्या केसला. इमर्जन्सी काय, केव्हाही येते. केव्हाही? इथे मला सगळ्यात मोठी गंमत वाटते. इमर्जन्सीलाही वेळापत्रक आहे! इंग्लंडमधल्या ५० लाखांहून अधिक जन्मांची नोंद तपासली तेव्हा दिसलं, की आपोआप कळा सुरू होऊन जन्मणारी बाळं सर्वांत जास्त पहाटे चारच्या सुमारास येतात. हृदयविकाराचे झटके सकाळी सहा ते बाराच्या दरम्यान जास्त. म्हणजे डॉक्टरचं शरीर ज्या घटकेला सर्वांत खाली, नेमकी तीच घटका बाळाला पसंत.

रायगडाने तर याचा वेगळाच नमुना पाहिलाय. इथला लाल विंचू रात्री बाहेर पडतो. विंचवांच्या काही जातींत डोळ्यांची संवेदनशीलतासुद्धा अंतर्गत घड्याळानेच रात्री वाढते. शेतात, पडवीत, अंथरुणात दंश होतो आणि रुग्ण अपरात्री दवाखान्यात येतो. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले, आणि अशा रुग्णांच्या उशाशी रात्री बसून त्यांनी हृदय कसं निकामी होत जातं ते टिपलं. प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपाय त्यातून आला आणि जगभर गेला. विंचवाच्या घड्याळाने एका डॉक्टरची रात्रपाळी ठरवली, असंच म्हणायचं.

आता टेबलावरच्या माणसाकडे वळू. फ्रान्समधल्या लील शहरात महाधमनीची झडप बदललेल्या ५९६ रुग्णांची सकाळचे आणि दुपारचे अशी जोड्यांनी तुलना झाली. पुढच्या ५०० दिवसांत मृत्यू किंवा हृदयाचा गंभीर त्रास सकाळच्या गटात १८ टक्के, दुपारच्या गटात ९. निम्मा! सर्जन दुपारी जास्त कुशल होतो की काय? ते तपासायला त्यांनी रुग्णांच्या हृदयाचे सूक्ष्म तुकडे बशीत ठेवले आणि त्यांचा प्राणवायू तोडून पुन्हा दिला. तिथे सर्जन नव्हताच. तरी दुपारी काढलेला तुकडा सकाळच्या तुकड्यापेक्षा लवकर सावरला. स्नायूच वेळ ओळखत होता. नंतरच्या काही अभ्यासांत असा फरक सापडला नाही हेही सांगायला हवं, त्यामुळे काकांनी इतक्यात सर्जनबाईंकडे दुपारची वेळ मागू नये.

जखमेची गोष्ट जास्त सरळ आहे. केंब्रिजमध्ये त्वचेतल्या जखम सांधणाऱ्या पेशी बशीत ओरखडल्या. ‘दिवसा’ ओरखडलेल्या पेशी जागच्या उठून भराभर फटीकडे सरकल्या, ‘रात्री’ ओरखडलेल्या रेंगाळल्या. मग इंग्लंड आणि वेल्समधल्या भाजलेल्या ११८ रुग्णांच्या नोंदी काढल्या. दिवसा भाजलेली जखम सरासरी १७ दिवसांत भरली होती, रात्री भाजलेली २८ दिवसांत. अकरा दिवसांचा फरक, आणि कारण एवढंच की चटका बसला तेव्हा कातडी आपल्या हिशेबाने झोपलेली होती.

एक गोष्ट राहिली: भूल. झोपेत आपलं आतलं घड्याळ चालू असतं. म्हणून तर गजराच्या पाच मिनिटं आधी जाग येते. भुलेत काय होतं? न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठाच्या गटाने याचं उत्तर मधमाश्यांना विचारलं. मधमाशी सूर्याकडे बघून दिशा ठरवते, आणि सूर्य सरकतो म्हणून तिला किती वाजले ते माहीत असावंच लागतं. वेळ चुकली की दिशा चुकलीच. त्यांनी माश्यांना दिवसा सहा तास भूल दिली, माणसांना देतात तीच, आयसोफ्लुरेन. शुद्धीवर आल्यावर सोडलं. माश्या चुकीच्या दिशेला निघाल्या! त्यांच्या लेखी मधले बरेच तास गेलेच नव्हते. घड्याळ तासन्‌तास मागे पडलं होतं. रात्री तीच भूल दिली तर असं घडलं नाही.

रिकव्हरी रूममधल्या सिस्टरना यात नवल वाटणार नाही. चार तासांच्या ऑपरेशननंतर डोळे किलकिले करत कितीतरी रुग्ण त्यांना विचारतात, “अजून नंबर नाही लागला का माझा?”